लंगोटांची वही: चिपळूणचा पाऊस, मग पुण्याचं बोअरचं पाणी

२७ मे २०२३, पुणे

डॉक्टरांनी जुलैचा दुसरा आठवडा दिलाय. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, माहेर म्हणजे चिपळूण, आणि जुलैतलं चिपळूण म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. कापडी लंगोट वापरायचे एवढं ठरलंय. कुठले, किती नि केवढ्याचे, ते ठरेना. म्हणून ही वही. पुढे कुणाला उपयोगी पडली तर पडली.

एरवी हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नसता. आजीच्या नि आईच्या जुन्या सुती साड्यांची एक ट्रंक याच कामासाठी राखून ठेवलेली होती. माझे, भावाचे, मामेभावंडांचे लंगोट नि दुपटी त्यातूनच निघाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माळ्यावर असायची ती ट्रंक नेमकी खाली उतरवलेली होती. आठवड्याने उघडली तर आत साड्या नव्हत्या, एक अखंड चिखलाची वीट होती. आई अजून त्यातल्या एकेका साडीचं नाव घेते.

तर आता विकतचं. नमुन्याला थोडं थोडं मागवलंय: दोन पॉकेट डायपर (प्रत्येकी ३५० रु.), एक ऑल-इन-वन (८५० रु.), एक नुसतं कव्हर (४२० रु.) आणि बांबू-सुती मिश्र कापडाचे चार पॅड (प्रत्येकी १८० रु.). नवऱ्याचं म्हणणं, एकदम वीसचा संच घे, स्वस्त पडतो. मी म्हटलं, आधी एकेक धुऊन बघू.

५ जून

पार्सल आलं. ज्यांनी हे कधी हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कव्हर म्हणजे पीयूएलची चड्डी. पीयूएल म्हणजे एका बाजूने प्लास्टिकचा पातळ थर बसवलेलं कापड. पाणी थांबवणं एवढंच त्याचं काम, शोषायला आत वेगळं कापड घालायचं. पॉकेटला आतून मऊ अस्तर असतं नि त्याच्यामागे खिसा, त्या खिशात पॅड सरकवायचा. ऑल-इन-वनमध्ये पॅड आतच शिवून टाकलेला असतो, काढाघालायचं काही नाही.

हातात घेतल्यावर सगळ्यात आवडलं ते ऑल-इन-वन. जाड, लुसलुशीत, वर हत्तीची पिल्लं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर कोरडंच १४६ ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवला, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

१३ जून, चिपळूण

मान्सून ११ तारखेला रत्नागिरीला पोचल्याची बातमी आली आणि तिथेच अडकला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ. आमच्याकडे ऊन नि घामाच्या धारा. मला बरंच झालं, धुलाईची तालीम करून घेतली.

पहिली फजिती इथेच. नवाकोरा बांबू-सुती पॅड बादलीत टाकला तर तरंगला. वर पाणी ओतलं तर थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. मला वाटलं माल खोटा निघाला, परत पाठवायला पाकीट शोधायला लागले. आई म्हणाली, "अगं, नवीन पंचा तरी पहिल्या दिवशी अंग पुसतो का?" कोऱ्या सुताला तेलकटपणा असतो, तो चार-पाच धुण्यांत जातो. सहाव्या धुण्यानंतर तोच पॅड पाणी पिऊ लागला. म्हणजे बाळ घरी यायच्या आत हे धुऊन झालेलं हवं. आदल्या दिवशी मागवून काम भागत नाही.

मग मोजमाप. पाण्यात बुडवायचं, ठिबकणं थांबेपर्यंत टांगायचं, वजन करायचं. पॉकेटसोबत आलेला मायक्रोफायबरचा पॅड कोरडा ३४ ग्रॅम, ओला १९०. भलताच भारी वाटला. पण तळहाताने दाबला तर भळकन पाणी सोडलं नि काटा १०५ वर आला. बाळ काही टांगलेलं नसतं, ते पॅडवर बसतं. बांबूचा कोरडा ५६, ओला २३०, दाबून २०५. म्हणजे धरून ठेवण्यात बांबू सरस. शिवाय मायक्रोफायबर कातडीला थेट लावायचा नाही, तो कातडीतलाही ओलावा ओढून घेतो. अस्तराच्या मागेच ठेवायचा.

उन्हात मायक्रोफायबर दोन तासांत वाळला, बांबू साडेपाच तासांत. ऑल-इन-वन सकाळी नऊला घातलं ते संध्याकाळी काढलं तर मधली शिवण दमटच. तरी मी तिथे "उद्यापर्यंत वाळेल" असं लिहून मोकळी झाले. जूनच्या उन्हावर जुलैचा हिशेब मांडला, ही या वहीतली सगळ्यात मोठी चूक.

२१ जून

बाजारपेठेतून दहा मीटर मलमल आणली. ९५ रुपये मीटर, ९५० झाले. सत्तावीस इंची चौकोन कापायचे ठरवलं, कारण तो त्रिकोणी लंगोटासारखाही बांधता येतो आणि लांब घडी घालून कव्हरमध्येही बसतो.

यात चुका तीन. पन्ना ४४ इंची घेतला. सत्तावीस कापल्यावर बाजूला १७ इंची पट्टी उरली, दर चौकोनामागे. दुकानात उभं राहून मनातल्या मनात वजाबाकी करायला हवी होती. दुसरी, कापड न धुता कापलं. पहिल्याच धुण्यात लांबीकडून साडेचोवीस झालं नि रुंदीकडून सव्वीस. चौकोन म्हणून कापले, आयत निघाले. तिसरी, कडांना पिको करून आणला. साडीच्या पदराला पिको ठीक, पण त्याची कड धुतल्यावर ताठ होते. गालावर फिरवून बघितली तर टोचली. चौदा नग, दहा रुपयांप्रमाणे १४० पाण्यात.

आईने कडा कापून टाकल्या आणि इंटरलॉक करून आणायला लावलं, आठ रुपये नग, ११२ रु. उरलेल्या पट्ट्या तिने दुपदरी करून मशीनवर शिवल्या. चौदा पट्ट्यांच्या चौदा आतल्या घड्या झाल्या. नासाडीतून निघालेल्या या घड्या पुढे सगळ्यात जास्त चालल्या, ते सोडा.

बंदांचे तयार त्रिकोणी लंगोटही दोन डझन घेतले (७२० रु.), मेणकापडाचे दोन तुकडे (३०० रु.).

१२ जुलै

८ तारखेला मुलगी झाली. २ किलो ७००. घरात सगळे चिमी म्हणतायत.

पहिले दोन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट. त्यासाठी आईने जुन्या बनियनचे तुकडे नेले होते. वापरले नि टाकले. नवीन मलमलीवर ती घेऊ नका, निघायला जीव खाते.

काल घरी आलो. चोवीस तासांत बावीस लंगोट. मी दहा-बारा धरले होते. पॉकेट डायपर सगळ्यात लहान मापाच्या टिचबटणांवर आणलं तरी मांडीशी एक बोट आत जाईल एवढी फट, आणि वरची कड नाळेवर घासते. "तीन किलोपासून" असं पाकिटावर लिहिलंय. काटकुळ्या मांड्यांना तीन किलोतही ते बसेल असं वाटत नाही. तर सध्या बंदांचे लंगोट, नाळेच्या खाली गाठ, खाली घडी, त्याखाली मेणकापड. थोडक्यात, आजीने केलं असतं तेच.

एक फायदा लगेच दिसला. ओला झाला की कळतो. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती वेळा सू करते, सहाच्या वर आहे ना? दूध पुरतंय का ते यावरून बघतात. मी आकडाच दिला. दोरीवर टांगलेला होता तो.

१६ जुलै

पाऊस. चार दिवस सूर्य नाही. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, जिन्याच्या कठड्यावर लंगोट, देवघराच्या दारावर लंगोट. भाऊ वाकून वाकून चालतो.

आज बसून खरा तक्ता केला. खोलीत, पंख्याखाली, एकपदरी पसरून: मलमलीचा चौकोन सहा तास. दुपदरी घडी नऊ तास. बंदांचा लंगोट सात, पण बंदांच्या गाठी दमट राहतात. मायक्रोफायबर पंधरा तास. बांबूचा पॅड चौतीस तास, नि तोवर त्याला कुबट वास. ऑल-इन-वन तिसऱ्या दिवशी बावन्न तासांनी काढलं. वरून कोरडं. मधे चिमटीत धरलं तर गार लागलं. हत्तीच्या पिल्लांवर काळे ठिपके धरायला लागलेत.

आता ५ जूनचे १४६ ग्रॅम कळले. जे जास्त पितं ते जास्त दिवस ओलं राहतं, आणि जे आत शिवून टाकलंय त्याला वारा लागत नाही. मी दोन महिने कोण किती शोषतं हे बघत बसले. बघायला हवं होतं कोण किती वेळात वाळतं.

नगांचा आकडा यावरूनच काढायचा. दिवसाला बावीस लागतात. मलमल सहा तासांत वाळते, म्हणजे सकाळी धुतलेले दुपारी हातात, दुपारचे रात्री. तीस नगांत भागतं. बांबूचे वापरायचे तर दीड दिवस वाळवणार, म्हणजे बावीसची दीडपट दोरीवर नि वर त्या दिवसाचे बावीस. पंचावन्न नग. १८० रुपयांचा एक. नवऱ्याने सांगितलेला वीसचा संच घेतला असता तर पहिल्याच दिवशी संपला असता.

२० जुलै

कालचं बारसं पुढे ढकललं. नदीच्या पातळीचे इशारे येत होते, पाहुणे घाटापलीकडेच थांबले. आईने दुपारीच सगळं कापडचोपड माळ्यावर चढवलं. लंगोटांची पिशवी सगळ्यात आधी. पाणी आलं नाही.

वीज मात्र सतरा तास नव्हती. पंखा नाही म्हणजे सगळा तक्ता बाद. रात्री शेवटचे चार कोरडे लंगोट उरले तेव्हा आईने मागच्या पडवीत शेगडी पेटवली नि वर डालगं उपडं घातलं. त्यावर लंगोट पसरायचे, दर पाच मिनिटांनी उलटायचे. वीस मिनिटांत कुरकुरीत कोरडे. ऊबदार लंगोट घातल्यावर चिमीने जो सुस्कारा टाकला, तो ऐकण्यासारखा होता.

पण फुकट काही नाही. एक लंगोट करपला. सगळ्यांना धुराचा वास लागला. बाळाच्या खोलीत धूर नको असं डॉक्टरांनी बजावलेलं, धुरीलासुद्धा. म्हणून शेगडी मागे, दार लावून, नि कोणीतरी सतत समोर बसून. ही सोय अडीअडचणीची. रोज करू नये. इस्त्रीही करून पाहिली आज वीज आल्यावर: दमट चौकोनाला चार मिनिटं. अर्धे वाळलेले असतील तरच परवडतं.

२४ जुलै

कव्हर मेलं. ४२० रुपये.

झालं असं की आई रोज लंगोट बंबातल्या कढत पाण्यात भिजवते आणि एक दिवसाआड चुलीवर उकळते. सुताला ते मानवतं. परवा त्यात चुकून कव्हर गेलं. बाहेर काढलं तेव्हा आतला प्लास्टिकचा थर कापडापासून सुटून त्याला पापडासारखे फोड आलेले, आणि मांडीचं इलॅस्टिक सैल. मी आईला सांगितलंच नव्हतं की हे वेगळं आहे. तिच्या लेखी लंगोट म्हणजे सुती, आणि सुती म्हणजे उकळायचं. ती दिवसभर "चारशे वीस?" असं मधेच म्हणत होती.

आता दोन बादल्या. निळ्यात सुती. लाल बादलीत कव्हर, पॉकेट वगैरे. ते कोमट पाणी नि साबण, पिळायचं नाही, उकळायचं तर नाहीच.

२८ जुलै

जांघेत लाल पुरळ. रात्रभर छाती धडधडली, सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, धुताना काय घालता? शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध घालत होतो, मावशीने सांगितलं म्हणून. ते बंद. शेवटचं पाणी साधं नि भरपूर. आणि दिवसातून दोन-तीनदा लंगोट न घालता उघडं पडू द्या, म्हणाले. तीन दिवसांत उतरलं. औषधामुळे झालं की दमट बंदांमुळे, ते छातीठोकपणे नाही सांगता येणार. दोन्ही एकदम बंद केलं.

९ ऑगस्ट

पाऊस गायब! जुलैने झोडपलं नि ऑगस्ट कोरडा. दोऱ्या अंगणात गेल्या, भाऊ ताठ चालतो.

चिमी ३ किलो ९००. आज कव्हर बसलं. आणखी पाच मागवली होती (२,१०० रु.), त्यात मलमलीच्या चौकोनाची लांब घडी, वर पट्टीची घडी. सू झाली की घडी बदलायची, कव्हर पुसून तेच पुन्हा. शी लागली तरच कव्हर धुवायला. पाच कव्हरं पुरतात.

कव्हर नीट बसलंय का हे बघायची माझी रीत: कड मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसायला हवी, चड्डीची बसते तशी. पोटाशी दोन बोटं सहज जावीत. काढल्यावर मांडीवर फिकी रेघ दिसली तर ठीक, लाल खोलगट वळ दिसला तर एक बटण सैल करा. आणि आतल्या मलमलीचं टोक कुठूनही बाहेर डोकावता कामा नये. पहिले दोन दिवस "कव्हर गळतंय" म्हणून मी चिडले होते. कव्हर गळत नव्हतं. मलमलीचं एक बोटभर टोक मांडीशी बाहेर होतं, त्यातून पाणी दिव्याच्या वातीसारखं झिरपत झबल्यावर येत होतं.

१९ ऑगस्ट

रात्रीचा प्रश्न. मलमल रात्री दोन-दोन तासांनी बदलावी लागते, आणि ओलं लागलं की ही उठते. म्हणून रात्रीपुरतं पॉकेट, आत बांबूचा एक नि मायक्रोफायबरचा एक. मायक्रोफायबर वर, तो पटकन ओढतो. बांबू खाली, तो धरून ठेवतो. उलट ठेवलं तर काठाने गळतं, करून पाहिलंय. एकदम पाच तास झोपली. मी घाबरून दोनदा श्वास बघितला.

चार दिवस बरं चाललं, मग अचानक पॉकेट गळायला लागलं. आतला पॅड कोरडा ठणठणीत आणि दुपटं भिजलेलं. म्हणजे सू आत जातच नव्हती. चमच्याने अस्तरावर पाणी टाकलं, तर थेंब गोल होऊन बसला. हलवला तर इकडून तिकडे पळाला. बोट फिरवलं, वास घेतला. खोबरेल! मालिशवाल्या काकू सकाळी चिमीला तेलाने न्हाऊ घालतात, आंघोळ झाल्यावरही टाळूला नि सांध्यांना लावतात, तेच हात बुडाला. अस्तर तेलाने माखून मेणकापड झालेलं.

भांड्याच्या साबणाने अस्तर चोळलं, कोमट पाण्याने चार वेळा खळबळलं, तेव्हा थेंब जिरला. काकूंना सांगायचं कोण हा दुसरा प्रश्न. शेवटी आईने सांगितलं, तेही माझं नाव पुढे करून. काकू म्हणाल्या, "तेल लंगोटाला नाय, पोरीला लावतंय मी." तडजोड अशी झाली की न्हाण्यानंतर दोन तास मलमलीचाच लंगोट. सुताला तेल लागलं तरी कढत पाण्यात निघतं.

३ सप्टेंबर

परवा पेपरात होतं, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय आणि मी इथे पिवळे डाग ऊन लावून घालवतेय. दूधपित्या बाळाच्या शीचे डाग साबणाला दाद देत नाहीत, पण ओला लंगोट कडक उन्हात टाकला की तीन तासांत फिके पडतात. कोरडा करून टाकू नका, ओलाच हवा.

दुसरी मलमल आणली. यावेळी ५८ इंची पन्ना, १३० रु. मीटर, पाच मीटर. आधी तीनदा धुतली, मग कापली. धुतल्यावर पन्ना पंचावन्न भरला, मधोमध कापून साडेसत्तावीसचे दोन. बारा चौकोन, चिंधी जेमतेम वीतभर उरली. इंटरलॉक ९६ रु.

३ ऑक्टोबर, पुणे

कुंभार्ली घाटातून कराडमार्गे आलो. प्रवासाला सरळ बाजारातलं वापरून फेकायचं डायपर. गाडीत पाच-सहा तास ओले लंगोट सांभाळायची हौस मला नाही. ज्यांना आहे त्यांना नमस्कार. इथे आल्यावर कचरावाल्या ताईंनी आठवण केली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडावं लागत नाही. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

इथे हवा कोरडी, गॅलरीला ऊन, समोरून उघडायचं मशीन. मला वाटलं आता काय, सुटले.

२२ ऑक्टोबर

नाही सुटले. आठवडाभर सकाळचं पॉकेट काढलं की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका. धुतलेलं कोरडं असताना काही वास नाही, ओलं झालं की उठतो. बुड पुन्हा लालसर.

दोन दिवस चिमीच्या सूला दोष दिला, एक दिवस बांबूला. मग अंघोळीच्या वेळी लक्षात आलं की इथे साबणाला फेस येत नाही. सोसायटीचं पाणी निम्मं बोअरचं नि टँकरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर. चिपळूणला विहिरीच्या मऊ पाण्यात चिमूटभर पावडर पुरायची, तीच सवय मी इथे आणली. त्यात हे मशीन पाणी मोजून घेतं. म्हणजे जड पाण्यात अर्धी पावडर नि अर्धं पाणी. मळ निघतच नव्हता, कापडात साठत होता. "बाळाचे कपडे आहेत, पावडर कमी घाल" हे सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही दुसऱ्यांना सांगितलंय.

आज उतारा केला. सगळे पॅड नि चौकोन (कव्हर नाहीत) कढत पाण्यात, दोन चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर. सकाळी पाणी उसाच्या रसासारखं गढूळ. ते फेकून मशीनला दोनदा नुसत्या पाण्यावर.

५ नोव्हेंबर

वास गेला. सध्याची रीत: रात्रीचे पॅड सकाळी लगेच नळाखाली पिळून काढायचे, भिजत ठेवायचे नाहीत. मशीनमध्ये आधी एकदा नुसतं पाणी. मग ६० अंशांवर पावडर पूर्ण मापाने नि एक चमचा सोडा. शेवटी एक जादा खळबळ. कव्हरं ४० अंशांवर वेगळी. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य अजिबात नाही. तेही तेलासारखंच बसतं कापडावर.

सासूबाई म्हणाल्या, एवढं करण्यापेक्षा हातानेच धू. करून पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं आणि कंबर. मशीन.

८ जानेवारी २०२४

सहा महिने पूर्ण झाले. हिशेब: मलमल १,६००. कडा ३४८. बंदांचे लंगोट ७२०. कव्हरं सहा, २,५२०. पॉकेट ७००. ऑल-इन-वन ८५०. बांबू ७२०. मेणकापड ३००. एकूण ७,७५८ रु. प्रवासाची नि दवाखान्याची फेकायची डायपरं वेगळी १,३५०. यातले पिकोचे नि पुन्हा शिवायचे २५२, उकळलेलं कव्हर ४२० आणि ऑल-इन-वन ८५० वाया. म्हणजे १,५२२ रुपये शिकवणीचे.

आईचे तास यात कुठेच नाहीत. तीन महिने रोज तासभर तरी ती बादलीशी होती. ते धरले तर "कापडी स्वस्त पडतं" असं मी कुणाला सांगू शकत नाही. बंदांचे लंगोट तिसऱ्या महिन्यात आखूड झाले, आता फरशी पुसायला.

२१ जानेवारी

उष्टावण झालं. नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात सुरू, आणि शीचं रूप एका आठवड्यात पालटलं. आतापर्यंतची पाण्यात विरघळायची, ही चिकटते. संडासातल्या जेटने आधी उडवून मग मशीन. पहिल्या दिवशी जेट जोरात सोडला. भिंत, आरसा आणि मी. कापडाच्या वरच्या टोकाला धरायचं आणि धार वरून खाली सोडायची. घडीवर जुन्या मलमलीचा एक सुटा तुकडा टाकते आता, बहुतेक माल त्याच्यावरच येतो. ते आखूड झालेले पहिले चौदा आयत इथे कामी आले.

११ फेब्रुवारी

ऑल-इन-वन सोलापूरच्या मैत्रिणीला दिलं. तिचा मुलगा चार महिन्यांचा. काळे ठिपके उन्हाने बरेच गेले होते, हत्ती शाबूत. तिला आधीच सांगितलं, आमच्याकडे बावन्न तासांत वाळलं नव्हतं, तुझ्या जबाबदारीवर घे.

आज तिचा फोटो आला. गच्चीवरची दोरी, मागे पांढरं ऊन. खाली लिहिलंय, "अकराला घातलं, जेवून वर गेले तर वाळलेलं. अजून आहेत का असले?"